शिकवणारीचे शिक्षण



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो वेतन, बोनस आणि संप यांविषयी बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती काही गैर नाही. आजही वेतनाची आणि संपाची गोष्ट निघणार आहे. परंतु आम्ही विषय निवडला आहे तो शिक्षणाचा, आणि तोही मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती याच हेतूने की, शाळा सोडून गेलेल्या, संसारात पडलेल्या माणसालाही शिकायला एक जागा असावी. आमचे स्वतःचे शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, कामगारांच्या सभांत आणि अशाच मांडवांत बसून झाले. त्यामुळे मोठे माणूस कशाने शिकते आणि कशाने शिकत नाही, याची थोडीबहुत पारख आम्हाला आहे असे आम्ही मानतो. त्या पारखेच्या आधारावर आज बोलावयाचे आहे.

प्रश्न असा आहे. आपल्या वस्तीतल्या आयांना मूल कसे वाढवावे, त्याला काय आणि किती खाऊ घालावे हे शिकवण्याचे काम आपण ज्या बाईकडे सोपवले आहे, त्या बाईला कोण शिकवते? किती वेळ शिकवते? आणि कसे शिकवते?

ही बाई म्हणजे अंगणवाडी सेविका. तिला आपण सारे ओळखतो. निदान ओळखतो असे समजतो. सकाळी मुलांना जमवून गाणी म्हणणारी, खिचडी वाटणारी, रजिस्टरे भरणारी बाई, एवढे तिचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. ज्या योजनेत ती काम करते ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यांत आपल्या राज्यातील मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी ही दोन ठिकाणे होती. म्हणजे एक आदिवासी डोंगरपट्टा आणि एक कष्टकऱ्यांची दाट वस्ती. योजनेने सहा सेवा ठरवल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळेपूर्वीचे शिक्षण, आणि स्त्रियांना पोषण व आरोग्य यांचे शिक्षण. यांपैकी पहिल्या पाच सेवा मोजता येतात. किती ताटे वाढली, किती सुया टोचल्या, किती मुले हजर होती, हे लिहून ठेवता येते. सहावी सेवा डोळ्यांना दिसत नाही. ती सेविकेच्या बोलण्यात असते आणि आईच्या ऐकण्यात असते. जे दिसत नाही त्यावर खर्च करायला कोणतेच सरकार सहसा उत्सुक नसते. आणि खरे सांगावयाचे तर आम्ही संघटनावाल्यांनीही या सहाव्या सेवेविषयी आजवर फारसे भाषण केलेले नाही.

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या महाराष्ट्रातला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, असा तो साधा विचार. खेळणी विकत आणावयाची नाहीत. बिया, शंख, खडे, पाने यांतूनच मोजायला आणि रंग ओळखायला शिकवायचे. पण या दोघी बायांच्या कामाचा एक भाग आपण विसरतो. त्या नुसत्या मुलांना शिकवीत नव्हत्या. मुलांना शिकवणाऱ्या बायका तयार करीत होत्या. शिक्षिकेची जडणघडण हा आपल्या कामाचा पाया आहे, हे त्यांनी ओळखले होते. देशाने त्यांच्याकडून शब्द उचलला. पायाचे काय केले, ते आता पाहू.

प्रथम हे शिक्षण लागते तरी कशाला, असे कोणी विचारील. मुले वाढवणे बायकांना जन्मतःच येते, असा एक समज आहे. त्याला उत्तर म्हणून एका वाटीचे उदाहरण घेऊ.

मूल सहा महिन्यांचे झाले की त्याची उष्टावण होते. आईच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू होते. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी अदमासे २४० मिलिलिटर मावते, म्हणजे मोठ्या कपाएवढे. आता आपल्याकडे घरोघर काय देतात? वरणाचे पाणी किंवा भाताची पेज. पचायला हलकी म्हणून ती देतात, प्रेमाने देतात. मुलाचे पोट भरते, ते रडायचे थांबते, आजीला समाधान वाटते. पण त्या पोटात बहुतांशी पाणी गेलेले असते. त्याच पोटात तेवढ्याच जागेत घट्ट वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून दिला, तर मूल वाढते. अन्न चमच्यावरून निथळून खाली पडते की चमच्यावर टिकून राहते, एवढीच काय ती परीक्षा. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला असे अन्न दर वेळी अर्धा कप, दिवसातून तीन-चार वेळा, आणि जोडीला आईचे दूध लागते. वर्ष उलटले की पाऊण ते एक कप. ही गोष्ट जन्मतः कोणालाच येत नाही. ती आम्हालाही येत नव्हती. आम्ही ती एका सेविकेकडून शिकलो, आणि ती एका चांगल्या वर्गात शिकली होती.

याच्या अभावी काय होते त्याचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दिले आहेत. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांतली ३४ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली; २०१९-२१ च्या पाहणीत ३५. चार-पाच वर्षे गेली, आणि आकडा जागचा हलला नाही. त्याच दुसऱ्या पाहणीत देशातल्या सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी अवघ्या ११ मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले. यांत केवळ उपाशी घरातली मुले आहेत असे समजू नका. ज्या घरांत दोन्ही वेळा चूल पेटते अशा पुष्कळ घरांतली मुलेही यांत आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. गरीब आई अडाणी आहे म्हणून तिचे मूल वाळते, असे आम्ही म्हणत नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे अंधारात फडात उतरते आणि दिवस मावळता कोपीवर येते. तिला दिवसातून चार वेळा भरवण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. कमी मजुरी, दूरचे पाणी, आजारपण, लवकर झालेले लग्न ही सारी कारणे मुलाच्या ताटात उतरतात. परंतु म्हणूनच तर सेविकेला चांगले शिकवले पाहिजे! जिला फक्त पाठ केलेला उपदेश येतो ती त्या आईला चार ओळी ऐकवून निघून जाईल. जी खरोखर शिकलेली आहे ती आधी विचारील, ‘‘तुझा दिवस कसा जातो, बाई? मूल कोणाजवळ असते? सकाळी काय शिजवतेस?’’ आणि मग त्या दिवसात बसेल अशी एकच गोष्ट सांगेल: सकाळच्या भाकरीचा कुस्करा वरणात भिजवून थोरल्या मुलीजवळ झाकून ठेव; दुपारी ती भरवील. उपदेश आणि सल्ला यांतला हा फरक आहे, आणि तो फरक पुस्तकाचे पान वाचून दाखवल्याने शिकता येत नाही.

आता सेविकेच्या शिक्षणाची हकीकत ऐका. योजनेच्या आरंभीच्या काळात नव्या सेविकेचे प्रशिक्षण काही महिन्यांचे असे. पुढे ते आखडत आखडत महिनाभराच्या आसपास आले. मधूनमधून काही दिवसांचा उजळणी वर्ग असे. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाले, तेव्हा २१ पाठांची एक मालिका वापरात आली. दर महिन्याला थोडे शिकायचे, महिनाभर वस्तीत करून पाहायचे, मग पुढचा पाठ घ्यायचा, अशी तिची कल्पना. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम आला. त्यात आधी पर्यवेक्षिका आणि अधिकारी यांना शिकवायचे, आणि मग त्यांनी सेविकांना तीन दिवसांत शिकवायचे, अशी योजना आहे. आरंभीचे काही महिने आणि आताचे तीन दिवस यांची सरळ तुलना आम्ही करणार नाही. पहिले नव्या बाईसाठी होते, दुसरे चालत्या कामात घालावयाची भर आहे. कागदावर पाहिले तर यांतली एकही कल्पना वाईट नाही. महिन्याला एक पाठ ही तर उत्तम कल्पना आहे. दोष आहे तो कल्पना वर्गापर्यंत पोहोचताना तिचे जे होते त्यात.

आम्ही गेल्या काही वर्षांत अनेक तालुक्यांत अशा वर्गांच्या दारांत आणि मागच्या बाकांवर बसलो आहोत. तेथे जे पाहिले ते सांगतो. कोणत्या तालुक्यात, ते सांगत नाही. कारण दोष एका तालुक्याचा नाही.

सभागृहात दीडशे बायका. पुढे पडद्यावर चित्रे सरकताहेत. त्यांवरची अक्षरे इंग्रजी, नाहीतर हिंदी. बोलणारा माणूस पडद्याकडे तोंड करून वाचतो आहे. पाठीमागच्या रांगांत कोणी रजिस्टर पुरे करीत आहे, कोणी मोबाईलवर मुलांची हजेरी चढवीत आहे, कारण आजचीही माहिती आजच भरली पाहिजे. कोणी घड्याळाकडे पाहते आहे, कारण गावाकडची शेवटची एस. टी. साडेचारला सुटते. प्रवासभत्ता पुढे मिळेल असे सांगितले जाते. कागद वाटले जातात, सह्या होतात, छायाचित्र निघते, आणि ‘प्रशिक्षित’ या सदरात दीडशेचा आकडा पडतो.

यातून शिकली का कोणी? ज्ञान दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्याहून वस्तीला येते. आपल्याकडे आग लागली म्हणजे माणसे रांग करून घागरी हातोहात देतात. शेवटच्या माणसाच्या हाती घागर येते तेव्हा तिच्यात निम्मे पाणी उरलेले असते. येथेही तेच होते. वरच्या वर्गात जे करून दाखवलेले असते ते मधल्या वर्गात सांगितले जाते, आणि खालच्या वर्गात वाचून दाखवले जाते. करून पाहण्याची गरज जिला सर्वांत जास्त, तिच्या वाट्याला सर्वांत कोरडा धडा येतो.

दुसरी गोष्ट मोबाईलची. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला. नोंद असावी याला आमचा विरोध नाही; नोंदीशिवाय मूल हरवते. परंतु ज्या यंत्राची भाषा वापरणारीला कळत नाही, आणि जे उघडायलाच दहा मिनिटे घेते, ते तिच्या हाती देऊन तिची परीक्षा पाहणे योग्य नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, ते याच कारणाने. पुढे काही दुरुस्त्या झाल्या. पण तेव्हापासून वर्गांचे स्वरूप पालटले आहे. वर्ग भरतो, पण त्यात कोणता रकाना कोठे आहे, चेहऱ्याची ओळख कशी पटवायची, माहिती चढली नाही तर काय करायचे, यातच दिवस सरतो. वाटी, चमचा, आई आणि मूल यांना शेवटची वीस मिनिटे मिळतात.

मग चांगला वर्ग कसा असतो? त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जामखेडला आले. गावात डॉक्टर येत नाही, तर गावातलीच एक बाई आरोग्याची कार्यकर्ती करावी असे त्यांनी ठरवले. गावाने निवडलेल्या बायांत पुष्कळशा निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या. आणि त्यांना शिकवले कसे? एकदा वर्ग घेऊन, प्रमाणपत्र देऊन घरी पाठवले नाही. त्या बायका आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत. एक गोष्ट शिकत, गावात जाऊन ती सांगत, आणि पुढच्या खेपेला अडचणी घेऊन परत येत. ‘‘तुम्ही सांगितले तसे सांगितले, पण सासू म्हणाली असे’’, यातून पुढचा धडा निघे. म्हणजे वर्गाचा अर्धा अभ्यासक्रम गाव ठरवीत असे. अशिक्षित म्हणून जिला कोणी दारात उभे केले नसते, ती बाई गावात बाळंतपणाविषयी आणि मुलांच्या आहाराविषयी अधिकाराने बोलू लागली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, हे सारे त्या करू लागल्या. हे करताना त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवली आणि वारंवार उजळणी घेतली. १९९९ साली या कामाचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांना आपण ‘काय कळते यांना’ म्हणतो, त्या बायकांनी हे केले.

या दोन्ही ठिकाणी सारखे काय होते ते पाहा. शिकवणे थोडे थोडे होते, पण थांबत नव्हते. शिकवणारा हाताने करून दाखवी आणि शिकणारीकडून करवून घेई. आणि शिकणारीच्या अनुभवाला वर्गात मान होता. सेविका ही रिकामी घागर नाही. वीस वर्षे एका वस्तीत काढलेल्या बाईला कोणत्या घरात कोणाचे चालते, कोणता नवरा पितो, कोणत्या सुनेला पोटभर मिळत नाही, हे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. वर्गाने या माहितीचा उपयोग केला पाहिजे.

असा एक वर्ग आम्ही पाहिला. पंचवीस बायका, गोल बसलेल्या. मध्ये एक स्टोव्ह, एक पातेले, वाट्या, चमचे आणि उंची मोजण्याची फळी. शिकवणारी एक निवृत्त पर्यवेक्षिका. तिने आधी सगळ्यांकडून मूल मोजवून घेतले. दोन वर्षांखालच्या मुलाला निजवून मोजायचे, त्यावरच्याला उभे करून; कारण उभे मोजले की माप सुमारे पाऊण सेंटिमीटरने कमी भरते, आणि तेवढ्यानेही मूल एका रंगातून दुसऱ्या रंगात जाऊ शकते. एकाच मुलाची तीन जणींनी तीन मापे आणली. कोणी हसले नाही. प्रत्येकीने पुन्हा मोजले. मग दंडाचा घेर मोजण्याची पट्टी आली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली माप आले तर ते मूल तीव्र कुपोषित. तेथे वाट पाहावयाची नाही.

दुपारी नाटक झाले. एक बाई सून झाली, एक सेविका, आणि सासूचे काम एका जाड भिंगाच्या चष्मेवाल्या सेविकेने घेतले. ती सासू अशी काही वठली की हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘आमची पोरं काय मेली का वरणाच्या पाण्यावर? तू आलीस मोठी शिकवणारी!’’ सेविका झालेली तरुण मुलगी गोंधळली, आणि घाईघाईने पाठ केलेली वाक्ये म्हणू लागली. तेव्हा पर्यवेक्षिका म्हणाली, ‘‘थांब. सासूबाईंना सांगू नकोस. त्यांना विचार, तुमची मुलं तुम्ही कशी वाढवलीत.’’ मुलीने विचारले. सासूचे काम करणारी बाई जरा थांबली आणि नाटक विसरून म्हणाली, ‘‘माझी पहिली मुलगी दीड वर्षाची होऊन गेली.’’ वर्गात शांतता पसरली. त्यानंतर तेथे जे बोलणे झाले ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. त्या दिवशी तेथे बसलेल्या पंचवीसही जणींना एक गोष्ट कळली. सासू विरोध करते तेव्हा पुष्कळदा ती आपल्या गेलेल्या मुलाची बाजू मांडत असते. तिला चूक ठरवून सुनेच्या मुलापर्यंत पोहोचता येत नाही.

आता संघटनेकडे येऊ. आमच्याच सभांत अनेकदा प्रश्न येतो, ‘‘दादा, पगाराचे बोला. वर्ग कशाला? आधीच काम काय कमी आहे?’’ या प्रश्नात खोट नाही. जिला वर्षानुवर्षे नुसती नवी नवी रजिस्टरे मिळाली, तिला प्रत्येक वर्ग म्हणजे नव्या रजिस्टराची नांदी वाटते. परंतु आमचे उत्तर असे आहे.

सेविकेला जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. या एका शब्दात तिचे सारे दुखणे आहे. ती नोकर नाही, स्वयंसेवी कार्यकर्ती आहे, ही सरकारची भूमिका. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचा निकाल दिला, मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे असे म्हटले, आणि त्यांचे काम अर्धवेळचे म्हणता येणार नाही हेही सांगितले. हे सारे मोलाचे आहे. तरीही कोणी विचारतो, ‘‘त्या करतात काय? मुले सांभाळतात.’’ या वाक्याला न्यायालय उत्तर देऊ शकत नाही. त्याला उत्तर सेविकेच्या कौशल्याने द्यावयाचे आहे. गिरणीत साच्यावर उभा राहणारा आणि झाडू मारणारा यांच्या पगारात फरक असे, कारण साचेवाल्याच्या हातातली कला मालकाला मान्य करावी लागे. सेविकेच्या हातातही कला आहे. ती शिकवा, तिची परीक्षा घ्या, तिला प्रमाणपत्र द्या, आणि मग तिला स्वयंसेविका म्हणून दाखवा! ज्या दिवशी सरकार मान्य करील की या कामाला शिक्षण लागते, त्या दिवशी त्याला हेही मान्य करावे लागेल की या कामाला वेतन लागते. म्हणून वर्गाची मागणी ही पगाराच्या मागणीतून वेगळी काढता येत नाही, असे आम्ही आमच्या भगिनींना सांगतो.

आणि नगरवासीयांनाही एक सांगणे आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला. तो सुमारे ५२ दिवस चालला आणि जानेवारी २०२४ मध्ये मिटला. तेव्हा अनेक सभ्य गृहस्थ आम्हाला म्हणाले, ‘‘मुलांचा घास अडवून मागण्या करता?’’ हा प्रश्न आम्हाला लागला, आणि लागावयासच हवा. संपात मुलांचे नुकसान होते हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या गृहस्थांना आम्ही विचारतो: त्या ५२ दिवसांत तुम्हाला मुलांच्या घासाची आठवण झाली. एरवीच्या दिवसांत अंगणवाडीचा काटा चालतो की नाही, तिच्या बाईला गेल्या वर्षभरात कोणी काही शिकवले की नाही, याची चौकशी कितीदा केलीत?

आमच्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्या अशक्य नाहीत. वर्गाचा दिवस हा कामाचा दिवस धरावा. त्या दिवसाची नोंद दुसऱ्या दिवशी भरण्याची सवलत द्यावी. प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात द्यावा. वर्ग मराठीत, आणि जेथे कोरकू, भिली, गोंडी बोलतात तेथे त्या बोलीच्या मदतीने घ्यावा. तीस जणींपेक्षा जास्त एका वर्गात बसवू नयेत. वर्षातून एकदा तीन दिवस कोंडून शिकवण्यापेक्षा दर महिन्याला एक दिवस शिकवावे, आणि पुढच्या महिन्याचा आरंभ मागच्या महिन्याच्या अडचणींनी करावा. शिकवणाऱ्यांत अनुभवी सेविकांना घ्यावे आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा. आणि मदतनीस बाईला विसरू नये. मुलाच्या तोंडात पहिला घास पुष्कळदा तिच्याच हातून जातो, पण वर्गाच्या यादीत तिचे नाव सहसा शेवटी येते.

यांतली एक गोष्ट सरकारची वाट न पाहता तुम्हीही करू शकता. या शहरात सभागृहे आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, उत्तम स्वयंपाक जाणणाऱ्या गृहिणी आहेत. महिन्यातून एक दुपार आपल्या वॉर्डातल्या पंचवीस सेविकांना एक स्वच्छ खोली, प्यायला पाणी आणि दोन तास निवांत बसता येईल अशी व्यवस्था करून द्या. डॉक्टरांनी यावे, पण भाषण द्यायला येऊ नये. प्रश्न ऐकायला यावे. पहिल्या दुपारी सेविका बोलणार नाहीत, त्यांना बोलण्याची सवय राहिलेली नाही. दुसऱ्या दुपारी एखादी बोलेल. तिसऱ्या दुपारी तुम्हाला तुमच्याच शहराविषयी असे काही ऐकायला मिळेल, जे या व्यासपीठावरून कोणत्याही वक्त्याने तुम्हाला सांगितलेले नसेल.

 व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती करून आमचे भाषण संपवतो. पुढच्या वसंतात या व्यासपीठावर एखाद्या अंगणवाडी सेविकेला वक्ती म्हणून बोलवा. विषय तिचा तिला ठरवू द्या. आम्ही समोर, तुमच्यात बसून ऐकू.